पाणथळ पक्ष्यांसाठी राखायची म्हणजे नेमकं काय करायचं?

पक्ष्यांच्या राखीव क्षेत्रात स्वयंसेवक म्हणून नाव दिलं की बहुतेकांच्या मनात दोन कामं असतात : काठावरचं प्लॅस्टिक वेचायचं आणि झाडं लावायची. पहिलं करावंच, पण त्याने पाण्यावर उतरणाऱ्या पक्ष्यांची संख्या फारशी हलत नाही. दुसऱ्याने तर पुष्कळदा नुकसान होतं. पाणथळीतलं खरं काम म्हणजे पाणी किती उंचीवर ठेवायचं ते ठरवणं आणि वाढलेलं काढत राहणं. दिसायला दोन्ही नीरस. एक जण मोजपट्टी वाचतो, दहा जण गुडघाभर चिखलात उभे राहून पाणकणीस ही उंच पाणवनस्पती कापतात. पण पुढच्या हंगामात तिथे कोण उतरणार हे यावरच ठरतं.

उथळ पाणवठा आपसूक उथळ राहत नाही. वरून गाळ येतो, काठचे लव्हाळे आत सरकतात, दरवर्षीची वाळकी पानं आणि दांडे तळाशी साचतात. तळ वर येतो, त्यावर झुडपं उगवतात आणि शेवटी झाडं. पूर्वी नदीचा पूर हा पसारा अधूनमधून खरवडून न्यायचा, कळपाने येणारी जनावरं कोवळी वाढ खाऊन टाकायची. आता नद्यांवर बांध आहेत आणि राखीव क्षेत्राला कुंपण. म्हणून पुराचं आणि म्हशीचं काम माणसांवर येऊन पडतं.

म्हशीचं नाव उगाच घेतलेलं नाही. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात १९८२ साली चराई बंद झाली. हेतू पक्ष्यांच्या भल्याचाच होता. झालं उलटं : म्हशी जे पाणगवत खात होत्या, ते पास्पालम मोकाट सुटलं, उघडं पाणी त्याने भरून गेलं आणि बदकांना पोहायला-चरायला जागा उरेना. मग तेच गवत माणसं आणि यंत्रं लावून काढायची वेळ आली. एखाद्या जागेला हात न लावणं हाही एक निर्णयच असतो, आणि त्याचे परिणाम कापणीइतकेच मोठे असतात.

पाणी बोटांनी मोजायचं

पाणथळींच्या संरक्षणासाठी झालेल्या १९७१ च्या आंतरराष्ट्रीय रामसर कराराच्या व्याख्येत ओहोटीच्या वेळी ६ मीटर खोल असलेलं समुद्राचं पाणीसुद्धा पाणथळ ठरतं. पक्ष्यांचा हिशेब मात्र पहिल्या फूटभरातच बहुतेक संपतो. टिलवा आणि छोटे चिखले यांना ओला चिखल किंवा फार तर तीन-चार सेंटिमीटर पाणी लागतं. त्यांचे पायच तेवढे. तुतवार थोडे आत येतात. शेकाट्या वीतभर पाण्यात आरामात चालतो. चक्रांग, थापट्या यांसारखी बदकं बुडी न मारता, डोकं खाली आणि शेपूट वर करून चरतात. त्यांना दहा ते पंचवीस सेंटिमीटर सोयीचं. तलवार बदकाची मान लांब म्हणून त्याला आणखी थोडं खोल चालतं. लालसरी आणि वारकरी बुडी मारणारे, ते मीटरभर पाण्यातही खुशाल.

म्हणजे एकाच तळ्यात पाणी पंधरा सेंटिमीटर वाढलं, तर चिखलावरचे सगळे छोटे पक्षी उठतात आणि पोहणारी बदकं येतात. पाणी चांगलं की वाईट हा प्रश्नच नाही, कोणासाठी किती हा प्रश्न आहे. ‘तळं तुडुंब भरलंय, यंदा पक्षी भरपूर येणार’ हे वाक्य म्हणूनच अर्धवट खरं. तुडुंब भरलेल्या, उभ्या काठांच्या तळ्यावर वारकऱ्यांचे थवे दिसतील, बाकी फारसं कोणी नाही.

तळाचा उतार जितका मंद, तितक्या जास्त पक्ष्यांची सोय एकाच वेळी होते. शंभर मीटरला एक मीटर असा उतार असेल, तर पाणी २ सेंटिमीटर उतरलं की काठावर २ मीटर रुंदीची ताजी, ओली पट्टी उघडी पडते. हाच उतार तीन मीटरला एक असेल, तर तेवढ्याच उतरणीत पट्टी जेमतेम ६ सेंटिमीटर. खोदकाम करायची संधी मिळाली, तर ‘खोलीकरणा’च्या आग्रहाला बळी न पडता काठ मंद करून घ्यावेत. पैसा आणि यंत्र दोन्ही त्यात जास्त सार्थकी लागतं.

पातळी सांभाळण्याची साधनं

सर्वांत जुनं साधन म्हणजे फळ्यांचं दार. बांधातल्या मोरीला दोन बाजूंना खाचा असतात आणि त्यांत एकावर एक आडव्या फळ्या बसवतात. एक फळी साधारण १० ते १५ सेंटिमीटर उंचीची. एक काढली की पाणी तेवढं उतरून थांबतं. बारीक फरक हवा असेल, तर ५ सेंटिमीटरच्या एक-दोन फळ्या करून ठेवाव्यात, कारण चिखल्यांच्या दृष्टीने १५ सेंटिमीटर ही फार मोठी उडी आहे. फळ्या सुकल्या की आकसतात आणि फटींतून पाणी झिरपतं. वरच्या अंगाला चिकणमाती दाबून लावली की बहुतेक गळती थांबते. फळी काढताना दोन टोकांना दोन माणसं आणि ओढायचे दोन आकडे हवेत. एकाच बाजूने ओढली की ती खाचेत तिरकी अडकते आणि मग पहारीशिवाय निघत नाही.

दुसरं साधन कलता पाइप. बांधातून जाणाऱ्या आडव्या पाइपच्या टोकाला काटकोनी कोपरा बसवून त्यात उभा पाइप घालतात. हा पाइप बाजूला कलता करता येतो, आणि त्याचं तोंड ज्या उंचीवर, त्या उंचीवर पाणी स्थिरावतं. नवखे इथे हमखास फसतात. पाइप मीटरभर लांब असेल, तर उभ्यापासून ३० अंश कलवल्यावर तोंड फक्त १३ सेंटिमीटर खाली येतं. पुढचे ३० अंश मात्र ३७ सेंटिमीटर खाली नेतात. ‘काल एवढाच फिरवला होता’ म्हणून आज तेवढाच फिरवला की सकाळपर्यंत अर्धं तळं रिकामं. म्हणून कोनावर भरवसा न ठेवता पाइपवर सेंटिमीटरच्या खुणा कराव्यात आणि तो जागचा हलू नये म्हणून साखळीने बांधून कुलूप लावावं. तोंडाशी जाळी हवीच, आणि मोठ्या पावसानंतर पहिली फेरी त्या जाळीकडे. पालापाचोळ्याने जाळी तुंबली की पाणी बांधावरून वाहतं, आणि मातीचा बांध वरून वाहू लागला की तो फुटायला फार वेळ लागत नाही. पाण्याच्या वर बांधाची निदान ३० सेंटिमीटर उंची कायम मोकळी ठेवायची ती यासाठीच.

बांधावर झाडं वाढू देऊ नयेत. मुळं मेली की त्यांच्या जागी पोकळ नळ्या राहतात आणि त्यांतून पाणी वाट काढतं. उंदीर-घुशी आणि खेकड्यांची बिळंही तेच करतात. बांधाच्या बाहेरच्या पायथ्याशी ओल दिसली, तर ते पाणी स्वच्छ आहे की गढूळ हे पाहावं. स्वच्छ झिरप एकवेळ थांबू शकते. गढूळ पाणी येत असेल, तर बांधाची माती आतून वाहून चालली आहे. त्याच दिवशी कळवावं.

मोजपट्टी तळ्याच्या खोल भागात, पक्क्या खांबावर, शून्य एका कायमच्या खुणेशी जुळवून बसवतात. वाचन ठरावीक दिवशी, शक्यतो वारा पडलेला असताना. जोराचा वारा मोठ्या उथळ तळ्याचं पाणी एका काठाकडे ढकलतो आणि पट्टी खोटं बोलते. बाष्पीभवनही धरून चालावं : कोरड्या, उष्ण दिवसांत रोज ५ मिलिमीटर सहज उडतात. एका हेक्टरवर हे ५० हजार लिटर होतात, आणि महिन्याला १५ सेंटिमीटर. काही तळ्यांत त्यामुळे उतरणीसाठी दार उघडावंच लागत नाही.

या सगळ्याचा निर्णय मात्र स्वयंसेवकाने परस्पर घ्यायचा नसतो. कोणत्या महिन्यात किती पातळी, हे क्षेत्राच्या व्यवस्थापन आराखड्यात लिहिलेलं असावं लागतं. शेजारच्या शेतांचा आणि मासेमारी करणाऱ्यांचाही पाण्याशी संबंध असतो. एका उत्साही माणसाने रात्री काढलेली फळी वर्षभराचे संबंध बिघडवते.

सावकाश उतरवा

पाणी उतरवायचं ते दिवसाला दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त नाही. कमी असेल तर उत्तमच. घाई केली तर एकदम सगळा चिखल उघडा पडतो, दोन दिवस मेजवानी होते आणि मग ऊन लागून तळ कडक होतो. चिखलातल्या किड्यांच्या अळ्या, विशेषतः डंख न करणाऱ्या चिलटांच्या लालभडक अळ्या, हे कितीतरी पाणपक्ष्यांचं मुख्य अन्न आहे. त्यांचा लाल रंग हिमोग्लोबिनचा. त्याच्या जोरावर त्या कमी प्राणवायूच्या गाळातही जगतात, पण वाळलेल्या गाळात नाही. सावकाश उतरणीत रोज एक नवी ओली पट्टी उघडी पडते आणि जेवण आठवडेच्या आठवडे पुरतं.

उघड्या पडलेल्या ओल्या चिखलात दुसरीही गोष्ट घडते. तिथे सावा, लव्हाळा, मोथा आणि त्यांच्यासारख्या बियाळ वनस्पती आपोआप रुजतात. बी पेरावं लागत नाही, ते गाळात पडूनच असतं. ही वाढ बी धरेपर्यंत ओलीवर ठेवायची आणि बदकांच्या आगमनाच्या सुमारास तिच्यावर वीतभर पाणी हळूहळू चढवायचं. बी पाण्यात येतं, कुजणाऱ्या पानांवर किडे वाढतात आणि बदकांना दोन्ही मिळतं. एकदम अर्धा मीटर पाणी भरलं, तर तेच बी त्यांच्या चोचीच्या आवाक्याबाहेर जातं. सगळी तळी एकाच वेळी उतरवू किंवा भरू नयेत, हे ओघानेच आलं.

उतरणीचा आणखी एक फायदा मासे सांभाळताना कळतो. कार्प जातीचे तळ उकरणारे मासे फार झाले की पाणी कायम गढूळ राहतं, प्रकाश खाली पोचत नाही आणि पाण्याखालच्या वनस्पती मरतात. अधूनमधून तळं पूर्ण सुकवणं हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय. परत भरताना आवकेवर बारीक जाळी लावायची.

कापणी, आणि त्याहून महत्त्वाची ओढणी

उघडं पाणी आणि उभी वनस्पती साधारण निम्मी-निम्मी, आणि तीही ठिपक्याठिपक्यांनी मिसळलेली, असं असलं की पाणपक्ष्यांची विविधता सर्वांत चांगली दिसते. अमेरिकेत आयोवातल्या दलदलींच्या अभ्यासातून १९६५ साली ही गोष्ट पुढे आली आणि आजही अंदाजासाठी ती उपयोगी पडते. अर्थ असा : पाणकणीस हा शत्रू नाही. जांभळी पाणकोंबडी, बोरूतले वटवटे, टिबुकली यांना आडोसा हवाच असतो. ते सगळं तळं व्यापतं तेव्हाच अडचण होते.

पाणकणीस पाण्याच्या वर कापलं तर वेळ वाया जातो, कारण ते दोन आठवड्यांत परत उभं राहतं. त्याच्या जमिनीखालच्या कंदाला प्राणवायू पोचतो तो पोकळ पानादांड्यांतून, आणि वाळका दांडासुद्धा हे काम करतो. म्हणून हिरवं-वाळकं सगळंच पाण्याखाली, तळाच्या जितकं जवळ जमेल तितकं कापायचं आणि खुंटांवर निदान ८ ते १० सेंटिमीटर पाणी पुढचे काही आठवडे टिकवायचं. कंद गुदमरतो आणि कुजतो. वेळही साधावी लागते. कणीस बाहेर पडून अजून हिरवं असतं, तेव्हा कंदातला साठा सर्वांत कमी झालेला असतो. कणीस तपकिरी होऊन साठा खाली उतरला की तीच कापणी निम्मीही लागू पडत नाही. सर्वांत जास्त वेळा चुकतं ते इथे : कापणी छान होते, मग पाणी ओसरतं, खुंट वर डोकावतात, आणि सगळी मेहनत पाण्यात जाण्याऐवजी पाण्याबाहेर जाते. पुढचा महिनाभर पाणी टिकणार याची खात्री असेल तरच विळा हातात घ्यावा.

नळ, म्हणजे ते बांबूसारखं उंच पाणगवत, याची गोष्ट निराळी. तो मारायचा नसतो, तरुण ठेवायचा असतो. त्याची वाढ थांबलेली असताना दरवर्षी एकूण बेटाचा पाचवा ते आठवा हिस्सा कापायचा आणि दर वर्षी जागा बदलायची. न कापलेल्या नळाखाली वाळक्या पाल्याचा थर चढत जातो आणि बेट आपल्याच पाल्यावर उंच होऊन कोरडं पडतं. ब्रिटनमध्ये बिटर्न नावाचा नळात लपणारा बगळा याच कारणाने संपत आला होता. १९९७ साली हाका देणारे फक्त ११ नर उरले होते. सफक किनाऱ्यावरच्या मिन्समिअरसह अनेक राखीव क्षेत्रांनी नळाच्या बेटांचा तळ खरवडून खाली नेला आणि पाणी वाढवलं. आज नरांची संख्या दोनशेच्या वर आहे.

जलपर्णीला कापणं नाही, उपसणं. अनुकूल हवामानात ती दोनएक आठवड्यांत दुप्पट होऊ शकते, आणि तिचं बी गाळात पंधरा-वीस वर्षंही टिकतं. त्यामुळे एकदाची मोठी मोहीम फोटोंपुरती. त्यानंतर दर पंधरा दिवसांनी चार माणसांनी उरलेली रोपं वेचणं, हेच तिचं नियंत्रण. तरंगत्या दोराने गठ्ठा अडवून वाऱ्याच्या साहाय्याने काठाकडे आणावा. तिच्या वजनात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असतं, म्हणून काठावर दोन-तीन दिवस सुकू द्यावी आणि मगच वाहून न्यावी. पाण्याचं वजन कशाला उचलायचं! मात्र पाऊस येऊन ढीग परत तळ्यात जाणार नाही इतका तो वर हवा. बेशरम ही काठची झुडपासारखी वनस्पती नुसती कापून टाकली, तर प्रत्येक ओल्या तुकड्याला मुळं फुटतात. ती मुळासकट उपटून, कोरड्या जागी, जमिनीपासून उचलून ठेवायची. तिचा चीक विषारी आहे, तेव्हा हातमोजे हवेतच.

कापलेलं सगळं बाहेर. हे सांगायला सोपं आणि करायला सर्वांत जड. पाण्यात सोडलेला पाला कुजताना प्राणवायू खातो, तळ उंचावतो आणि खताचं काम करून पुढच्या वाढीला बळ देतो. म्हणून एका कापणाऱ्यामागे दोन-तीन ओढणारे धरावेत. दाताळ्याने ओढणं, ताडपत्रीवर घेऊन घसरवत काठाला नेणं, तिथून उचलणं, अशी साखळी. दहा जणांत दहाही कापायला लागले, तर दुपारपर्यंत तळ्यात तरंगता ढिगारा आणि सगळे थकलेले. पूरपातळीच्या वर रचलेले ढीग साप-सरड्यांना उपयोगी पडतात, पण ते एकाच ठरलेल्या जागी असावेत.

बेटं आणि झाडं

सुरय, टिटव्या, शेकाटे जमिनीवर अंडी घालतात. त्यांच्यासाठी बेट उंच नको. पाण्यावर २० ते ३० सेंटिमीटर, मंद उताराचं, वर खडी किंवा शिंपल्यांचा थर, आणि दर वर्षी विणीआधी तण काढलेलं. भोवतीचं पाणी कुत्र्या-कोल्ह्यांना चालत येता येणार नाही इतकं खोल आणि काही मीटर रुंद हवं. वीण सुरू झाल्यावर पातळी गोठवायची : वाढली तर अंडी बुडतात, उतरली तर बेट काठाला जोडलं जातं आणि एका रात्रीत सगळी घरटी जातात.

मिन्समिअरची शेतं १९४० साली शत्रूला उतरता येऊ नये म्हणून मुद्दाम पाण्याखाली घातली होती. त्या उथळ पाण्यावर १९४७ साली उचाट्या शंभरेक वर्षांनी ब्रिटनमध्ये परत घरटी करू लागला. पक्ष्यांना जागा नैसर्गिक आहे की मानवनिर्मित याचं काही नसतं. खोली आणि सुरक्षितता जमली की ते येतात.

झाडांबद्दल : उघड्या चिखलाच्या काठी लावलेलं झाड म्हणजे कावळ्यांना आणि शिकारी पक्ष्यांना टेहळणीचा मचाण. जमिनीवर घरटं करणारे पक्षी अशा झाडांपासून दूर राहतात. अपवाद सारंगागारांचा, म्हणजे बगळ्यांसारख्या पक्ष्यांच्या झाडांवरच्या वसाहतींचा. चित्रबलाक, पाणकावळे, बगळे यांना पाण्यात उभी असलेली झाडं लागतात, कारण खालचं पाणीच त्यांची राखण करतं. तिथली जुनी बाभूळ तोडू नये आणि खालचं पाणी आटू देऊ नये.

मान टाकलेली बदकं

उष्ण दिवस, साचलेलं पाणी, कुजणारा पाला आणि मेलेले मासे एकत्र आले की गाळातले बॉट्युलिझमचे जिवाणू विष तयार करतात. पक्ष्याचे पंख लुळे पडतात, मान सावरत नाही आणि तो बुडून मरतो. मेलेल्या पक्ष्यातल्या अळ्यांमध्ये हे विष साठतं, त्या अळ्या दुसरे पक्षी खातात आणि चक्र वाढतं. राजस्थानातल्या सांभर सरोवरात २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये याच आजाराने हजारो पक्षी गेले. एकाच ठिकाणी दोन-चार लुळे किंवा मेलेले पक्षी दिसले, तर स्वयंसेवकांनी हात न लावता जागा, वेळ, संख्या आणि जात लिहून लगेच वनखात्याला व पशुवैद्यकाला कळवायचं. तोच प्रसंग बर्ड फ्लूचाही असू शकतो. बॉट्युलिझम असल्याचं नक्की झालं की मेलेले पक्षी लवकरात लवकर उचलणं हाच मोठा उपाय, पण ते प्रशिक्षित माणसांनी आणि संरक्षक कपड्यांत.

कामाचा दिवस

विणीच्या हंगामात कापणी नाही. बाकीच्या काळातही तळ्याचा एकच कोपरा धरायचा, निम्म्याहून अधिक पाणी निवांत सोडायचं आणि पक्षी रातथाऱ्याला परतण्याआधी निघायचं. आठ ते बारा जण आणि एक म्होरक्या, एवढा गट आवरता येतो. विळा-कोयता चालवणाऱ्या दोघांत तीन मीटरचं अंतर. पाण्यात एकट्याने उतरायचं नाही, आणि प्रत्येक पाऊल टाकण्याआधी काठीने तळ चाचपायचा. पाय रुतलाच तर सरळ वर ओढू नये. मागे रेलून वजन पसरावं आणि टाच फिरवत पाय सोडवावा. जखम झाकल्याशिवाय पाण्यात उतरू नये, कारण लेप्टोस्पायरोसिस अशाच वाटेने शिरतो. निघताना बूट, जाळी, दोर घासून धुवायचे आणि पूर्ण वाळवायचे. एका तळ्यातली जलपर्णी दुसऱ्यात पुष्कळदा स्वयंसेवकाच्याच सामानातून पोचते.

शेवटचं काम कागदावरचं, आणि नेमकं तेच टाळलं जातं. पक्षीगणना आणि पाण्याची पातळी एकाच तक्त्यात लिहावी. वेगवेगळ्या वह्यांत राहिलेले हे आकडे कधीच भेटत नाहीत. मोठा थवा मोजताना आधी दहा पक्षी मोजून तेवढा ठोकळा नजरेत धरायचा, मग त्याच मापाने पन्नास, शंभर असं पुढे सरकायचं. एशियन वॉटरबर्ड सेन्सस ही आशियातली पाणपक्ष्यांची गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते. आपली मोजणी निदान त्याच सुमारास झाली, तर आकडे इतर ठिकाणांशी ताडता येतात. त्याशिवाय पक्क्या खुणेवर उभं राहून, त्याच दिशेला, दर महिन्याला एक फोटो. पाणकणीस किती सरकलं याचा वाद त्या फोटोंनी पाच मिनिटांत मिटतो, आणि पुढच्या वर्षी कोणता कोपरा कापायचा हेही त्यावरूनच ठरवता येतं.